‘तीव्र’ विषारी म्हणजे नक्की काय?

माळरान : सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंब-द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या माहितीपत्रकाचं मराठीकरण करतोय. ‘अ‍ॅक्यूट टॉक्सिसिटी’ला ‘तीव्र विषाक्तता’ हा रूढ शब्द घेतला. मसुदा काकांना दाखवला, त्यांची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. औषधाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो, त्याबद्दलचं ‘हिरवा त्रिकोण : तीव्र विषाक्तता अत्यल्प’ हे वाचून ते म्हणाले, “म्हंजे जोरात न्हाई, पण हळू हळू बाधतंय व्हय?” उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. शब्द बदलू का?

परीक्षानळी : काकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. इथे ‘अ‍ॅक्यूट’चा जोराशी संबंध नाही, वेळेशी आहे. एकदाच, किंवा दिवसभराच्या आत, अंगात गेलेल्या मात्रेनं लवकर काय होतं, एवढंच तो शब्द सांगतो. आपल्याकडे मात्र वेदना तीव्र, मतभेद तीव्र, दुष्काळ तीव्र. वैद्यकाच्या पुस्तकांत ‘तीव्र’ आणि ‘जुनाट’ अशी जोडी लावतात. त्यातला एक शब्द जोर सांगतो आणि दुसरा वय. ही जोडी मला कधीच पटली नाही. मी ‘तत्काळ विषबाधा’ आणि ‘दीर्घकालीन विषबाधा’ लिहीन.

माळरान : मग त्रिकोण कशावर ठरतो?

परीक्षानळी : तत्काळ बाधेवरच. प्रयोगातल्या उंदरांपैकी निम्मे मरतील अशी मात्रा काढतात, वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम या हिशेबात. तोच ‘एलडी ५०’. भारतातल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांत पोटात जाण्याच्या हिशेबानं ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यावर हिरवा. आकडा जितका लहान तितकं विष जहाल. हे उलटं गणित पत्रकात ठळक लिहा, भले भले इथे घसरतात. गंमत म्हणून सांगतो, खायच्या मिठाचा आकडा ३००० च्या आसपास आहे. मिठाच्या पुडीवर त्रिकोण छापायचा ठरलं तर निळा येईल!

गोडीछाटणी : द्राक्षवाल्याकडून एक उदाहरण घ्या. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. हिरवा त्रिकोण, डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बागेत वर्षानुवर्षं मारत आलोय. युरोपीय संघानं २०२० च्या शेवटी त्याची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. कारणांत प्रजननाला धोका आणि शरीरातल्या संप्रेरकांवरचा परिणाम होता. म्हणजे त्रिकोण खोटा नव्हता, त्याला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या काकांनी विचारला.

कोशकीटक : ‘विषाक्तता’ तर आधी काढा. ‘विषाक्त’ म्हणजे विष माखलेलं, जसा विषाक्त बाण. पदार्थाच्या अंगचा गुण सांगायचा तर ‘विषारीपणा’ पुरे. शब्द खेडवळ वाटतो म्हणून आपण संस्कृतात पळतो आणि अर्थ मागेच राहतो. ‘स्पर्शजन्य बुरशीनाशक’, म्हणजे जिथे लागेल तिथेच काम करणारं, हा असाच नमुना. ‘-जन्य’ म्हणजे त्यापासून उपजलेलं. स्पर्शातून रोग उपजतो, बुरशीनाशक कसं उपजेल? पण आता ते इतकं रुळलंय की ‘स्पर्शी’ लिहिलं तर दुकानदार विचारेल, हे काय नवीन?

गोडीछाटणी : दुकानात यातलं काहीच कुणी बोलत नाही ओ. ‘कंटेंट (औषधातला मूळ घटक) काय हाय, पीएचआय (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस) किती’ एवढंच. ‘काढणीपूर्व प्रतीक्षा काळ’ लिहा हवं तर, पण शेजारी पीएचआय छापा. आणि फवारायचं ते ‘औषध’च. पेपरात मात्र ‘विषारी औषध’ येतं, आणि ते वाचताना आपण कुणीच अडखळत नाही.

माळरान : फळात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो, त्याला ‘कमाल अवशेष मर्यादा’ ठीक आहे ना? मसुद्यात पुढे ‘ही ओलांडली की फळ विषारी’ असं लिहिलंय.

परीक्षानळी : शब्द ठीक, पुढचं वाक्य खोडा. ही मर्यादा शिफारशीप्रमाणे फवारल्यावर फळात किती अंश उरतो त्यावरून ठरते. आयुष्यभर रोज किती पोटात गेलं तर चालेल, तो आकडा वेगळा. तो जनावरांवर दुष्परिणाम न दिसलेल्या मात्रेला सहसा १०० नं भागून काढतात. मर्यादा त्यात बसते का, हे तपासतात. ओलांडली म्हणजे नियम मोडला. खाणारा आजारी पडेलच असं नाही.

गोडीछाटणी : २०१० साल आठवा. क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. ते ना कीटक मारतं ना बुरशी, शेंड्याची वाढ रोखायला वापरतात. ‘आम्ही विष मारलंच नाही’ असं म्हणणारे खोटं बोलत नव्हते. अंश मात्र मर्यादेच्या वर होता.

माळरान : वाक्य बदललं : ‘हिरवा त्रिकोण : एकदाच पोटात गेल्यास लगेच बाधा होण्याचा धोका सर्वांत कमी. रोज थोडं थोडं अंगात गेल्यास काय होईल, ते हा रंग सांगत नाही.’ काकांनी दोनदा वाचलं. मग ‘पोटात’वर बोट ठेवून म्हणाले, “आन् पाठीवरचा पंप गळला तर?”

परीक्षानळी : कातडीचं माप वेगळं आहे. तिथे लाल २०० पर्यंत जातो. फवारणाऱ्याच्या अंगात बहुतेक विष कातडीतूनच शिरतं. आणखी एक ओळ घाला.