मॅस मोका : आईबाबांना घेऊन जावं का?

पावशेर :
नमस्कार मंडळी. आईबाबा सध्या आमच्याकडे बॉस्टनला आलेत. बाबांची अख्खी नोकरी कापडगिरणीत, छपाई खात्यात झाली. नॉर्थ ॲडम्स गावचं मॅस मोका हे आधुनिक कलेचं संग्रहालय जुन्या कापडछपाईच्या कारखान्यात आहे हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. अडचणी दोन. एक, आईचे गुडघे. दुसरी, आधुनिक चित्रकला म्हटलं की दोघांचं एकमत : "हे तर आपला नातूही काढेल." एवढ्या लांब जाऊन दिवस फुकट जाणार नाही ना? कुणी वयस्कर मंडळींना नेलंय का?

उंबरठा :
बिनधास्त न्या. फक्त चित्रं बघायला चाललोय असं सांगू नका, गिरणी बघायला चाललोय म्हणा. १८६०च्या दशकापासून तिथे अरनॉल्ड प्रिंट वर्क्स होती, ती १९४२ला गेली. मग त्याच विटांच्या इमारतींत स्प्रेग इलेक्ट्रिकने कपॅसिटर बनवले, ते १९८५पर्यंत. १८ हजार वस्तीच्या गावात एके काळी चार हजारांवर माणसं त्या एका फाटकातून कामाला जायची. त्यामुळे कारखाना बंद पडल्यावर गावाचं काय झालं असेल ते बाबांना समजावून सांगायला नको. संग्रहालय उघडलं १९९९ला.

गुडघ्यांचं म्हणाल तर लिफ्ट आहेत. सासऱ्यांसाठी आम्ही तिथलीच व्हीलचेअर घेतली होती. आधी "मला काय झालंय?" म्हणाले, तासाभराने स्वतःच बसले. पसारा १६ एकरांचा, इमारतींना जोडणारे पूल आणि बोळ, रस्ता चुकणार हे धरूनच चला. सगळं बघायचा हट्ट मात्र नको.

काजळमाया :
उंबरठाताईंना अनुमोदन. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, इमारत क्रमांक ७ मधला सॉल लेविट (अमेरिकन चित्रकार) सोडू नका. तीन मजल्यांवर १०५ भित्तिचित्रं, थेट भिंतीवर काढलेली, २०४३पर्यंत राहणार आहेत. लेविटने सूचना लिहून द्यायच्या आणि रेघा दुसऱ्यांनी मारायच्या, अशी त्याची पद्धत. तो २००७ला गेला आणि प्रदर्शन २००८ला उघडलं.

खालच्या मजल्यावर बरेच लोक दारातून डोकावतात, "पांढरी भिंत आहे" म्हणतात आणि निघतात. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. (हात लावू नका, तिथली माणसं लगेच येतात.) अख्खी भिंत पेन्सिलीच्या केसाएवढ्या रेघांनी भरलेली असते. कुठे शिसं जरा दाबलं गेलंय, कुठे रेघ जराशी अडखळलीय. मी तिथे वीस मिनिटं होते, नवरा तोवर तिसऱ्या मजल्यावरचे भडक रंग बघून परत आला.

दीडशहाणा :
इमारत ६ मध्ये जेम्स टरेल या कलावंताची प्रकाशदालनं आहेत, म्हणजे नुसत्या रंगीत उजेडाने केलेल्या कलाकृती. त्यातल्या काहींना आधी वेळ राखून ठेवावी लागते, ते घरूनच करा. एका दालनात बुटांवर कापडी टोप्या चढवून आत सोडतात. आत भिंत कुठे संपते तेच कळत नाही, रंग बदलत राहतात, मध्येच लखलखाटही होतो. तोल जाणाऱ्यांनी किंवा फिटचा त्रास असणाऱ्यांनी टाळावं. आईंना बाहेर बसवलेलं बरं.

आणि रूट २ने जाणार असाल तर गावाच्या जरा आधी एक हेअरपिन वळण आहे. गाडी लागत असेल तर आवळासुपारी हाताशी ठेवा. मंगळवारी बंद असतं, तरी निघण्याआधी वेळा बघून घ्या.

मुक्काम पोस्ट :
थोडं अवांतर. न्यूयॉर्ककडच्यांनी एवढा प्रवास करायची गरज नाही. डिया बीकन बघा. नाबिस्कोच्या बिस्किटांचे खोके छापायचा कारखाना, २००३पासून संग्रहालय. ग्रँड सेंट्रलहून रेल्वे, स्टेशनातून चालत. बहुतेक उजेड छताच्या काचांतून येतो, म्हणून थंडीत दुपार व्हायच्या आत पोचा. माझ्या मते इमारत म्हणून हीच सरस. पण गिरणी बघायचीय तर मॅस मोकाच.

पावशेर :
जाऊन आलो! सगळ्यांचे आभार. वृत्तांत थोडक्यात.

पहिला अर्धा तास बाबांनी एकही चित्र बघितलं नाही. फरशीवरचे तेलाचे डाग, खांबांवरचे जुन्या रंगाचे पापुद्रे, बुजवलेली बोल्टची भोकं. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि म्हणाले, "इथून वर शाफ्ट गेला असणार." (म्हणजे यंत्रं फिरवणारा दांडा.) खरं-खोटं त्यांनाच माहीत.

लेविटसमोर मात्र थांबले. सूचना एकाच्या, रेघा दुसऱ्यांच्या, हे मी सांगितल्यावर म्हणाले, "मग आमच्याकडे वेगळं काय होतं? डिझाइनवाला कागदावर काढायचा, छापायचो आम्ही." मग भिंतीशेजारच्या पाटीवरची नावं बघायला लागले. रेघा मारणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात तिथे, मला तोवर दिसलीही नव्हती. चष्मा बदलून एकूण एक वाचली.

आईने व्हीलचेअर घेतली नाही आणि दुसऱ्या मजल्यावर बसकण मारली. तिची तक्रार एकच, बाकडी कमी आहेत. टरेलची वेळ मी राखायला विसरलो, त्यावरून दीडशहाणा यांचे बोल ऐकायची तयारी आहे.

दीडशहाणा :
घरूनच करा असं लिहिलं होतं.