बिटररूटची पाने कळ्या येताच सुकली. पाणी घालावे काय?

प्रश्न
नमस्कार. आम्ही अमेरिकेत मोंटानातील मिझूला येथे राहतो. गेल्या शरदात रोपवाटिकेतून बिटररूट या रानफुलाची तीन रोपे आणून अंगणातील खडकाळ वाफ्यात लावली. हिवाळाभर त्यांची बारीक, रसाळ पाने हिरवी राहिली; आता जूनमध्ये कळ्या दिसू लागताच ती पिवळी पडून सुकत आहेत. रोज पाणी घालावे, असे आई सांगते. शिवाय बी धरल्यास ते नाशिकला नेण्याची तिची इच्छा आहे.

उत्तर १
कृपया पाणी घालू नका. शरदातील पावसानंतर पाने फुटायची, वसंतापर्यंत त्यांनी मुळात अन्न साठवायचे आणि फूल उमलताना सुकून जायचे, हा या वनस्पतीचा क्रमच आहे. म्हणून तिचे गुलाबी फूल थेट खडीतून उगवल्यासारखे दिसते. उन्हाळ्यात ती जमिनीखाली सुप्त असते आणि त्या काळात माती ओली राहिली तर मूळ कुजते. माझी दोन रोपे मी अशाच काळजीपोटी गमावली, त्याची हळहळ अजून वाटते.

उत्तर २
या मुळाची चिवटता विलक्षण आहे. अमेरिकी शोधप्रवासी मेरिवेदर लुईस यांनी १ जुलै १८०६ रोजी आपल्याच भागात, ट्रॅव्हलर्स रेस्ट येथे, हिचा नमुना गोळा केला; तो वाळवून फिलाडेल्फियाला नेल्यानंतरही लावताच त्याला पालवी फुटली, म्हणून १८१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पर्श यांनी प्रजातीला ‘रेडिव्हिव्हा’, म्हणजे पुन्हा जिवंत झालेली, असे नाव दिले. अर्थात इथल्या मूळ रहिवासी सेलिश लोकांना ही वनस्पती त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होती, हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही. मुळाची साल सहज सुटते तेव्हा, म्हणजे फुलण्यापूर्वीच, ते खाण्यासाठी मुळे खणतात आणि कडूपणा कमी व्हावा म्हणून आतील तांबडा गाभा काढून टाकतात.

उत्तर ३
नाशिकविषयी: पूर्वी हिला आपल्या घोळाच्या कुळातच धरत असत, त्यामुळे आईंना पाने ओळखीची वाटली असतील. परंतु हिच्या झोपेच्या काळातच तिकडे पावसाळा असतो, आणि बी रुजण्यासाठी काही आठवडे थंडी व ओल लागते. शिवाय बियाणे भारतात नेण्यास वनस्पती संगरोधाची (प्लांट क्वारंटाइनची) परवानगी हवी. त्यापेक्षा बी त्याच वाफ्यात शरदात पेरावे; मात्र सुकलेली फुले देठापासून तुटून वाऱ्याने उडून जातात, म्हणून ती वेळीच गोळा करावीत.