मदत हवी आहे: पाणी बदललं की डिस्कस (शोभेचे मासे) काळे पडतात, वाढही खुंटली (घोडबंदर रोड, ठाणे)

घोडबंदरकर
टाकी 4 × 1.5 × 1.5 फूट, भरलेलं पाणी साधारण 220 लिटर. अडीच इंचाचे 8 डिस्कस, तीन महिने झाले. दोन स्पंज फिल्टर, तापमान 29, तळाला दोन इंच रेती. दर रविवारी 30 टक्के पाणी बदल, नळाचं पाणी अँटीक्लोरीन टाकून थेट. खाणं दोन वेळा: सकाळी गोळी, रात्री फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या).
पाणी बदलल्यावर अर्ध्या तासात सगळे काळे पडून कोपऱ्यात जमतात, पंख मिटलेले. दुसऱ्या दिवशी ठीक. हे दर वेळी होत नाही. दोघांचे डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात. एकाची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. खाणं कमी पडतंय का? बीफहार्ट (बैलाच्या हृदयाचं मांस) आमच्या घरात शक्य नाही. जाणकारांनी सांगावे.

कोलशेतकाठ
खाण्याचं नंतर बघू. 'दर वेळी होत नाही' हे महत्त्वाचं. सोसायटीत टँकर येतो का? पालिकेच्या दिवसाचं आणि टँकरच्या दिवसाचं, दोन्ही पाणी वेगवेगळं मोजा. टीडीएस (विरघळलेले क्षार), पीएच (आम्लता), केएच (पीएच घसरू न देणारे कार्बोनेट). टाकीतला अमोनियाही (माशांच्या घाणीतून येणारं विष). स्ट्रिपा नकोत, थेंबांचं किट घ्या.

घोडबंदरकर
मोजलं.
पालिका: टीडीएस 70, पीएच 7.2, केएच 2.
टँकर: टीडीएस 480, पीएच 7.9, केएच 11.
टाकी: पीएच 6.0, केएच जवळजवळ शून्य, अमोनिया 1.
रविवारी बहुतेक टँकरच असतो.

कोलशेतकाठ
मग उलगडा झाला. आपल्याकडचं धरणाचं पाणी मऊ, केएच कमी. आठवडाभर पाणी न बदलता खाणं पडत राहिलं की तेवढा केएच संपतो आणि पीएच घसरतो. सहाच्या आसपास फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, म्हणून अमोनिया साचलाय. पण त्या पीएचला तो जवळपास सगळा अमोनियम रूपात असतो, माशाला फार टोचत नाही. रविवारी केएच 11 चं पाणी ओतलंत की पीएच झपकन वर. 30 अंशांना पीएच 7 वर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, 8 वर मात्र साडेसात टक्क्यांच्या आसपास. पालिकेचं पाणी पडलं त्या रविवारी पीएच एवढा उडाला नाही, म्हणून मासे शाबूत.

आता लगेच एकदम 50 टक्के बदलू नका. एक दिवस उपास. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ 15 टक्के, फक्त पालिकेचं पाणी, आणि रोज प्राइम (अमोनियाही बांधणारं अँटीक्लोरीन), 200 लिटरला 5 मिली. साधं हायपोचं (सोडियम थायोसल्फेटचं) अँटीक्लोरीन क्लोरीन मारतं, अमोनिया बांधत नाही. अमोनिया शून्यावर आला की रोज 30 टक्के, मग रोज 50. या वयाला आठवड्यातून एकदा पाणी बदलून डिस्कस वाढत नाही.

रेती काढा, पण एका दिवशी नाही. दर पाणी बदलाला एक तृतीयांश, पाइपने ओढून. ढवळली तर खालची सगळी घाण वर येईल.

तळ्यातला
मलेशियातले ब्रीडर रोज 90 टक्के बदलतात, हेही सांगा की.

कोलशेतकाठ
बदलतात, कारण आत जाणारं पाणी रोज तेच असतं. इथे नळाला आज काय येईल याचा भरवसा नाही, म्हणून आधी पाणी साठवायला ड्रम.

200 लिटरचा निळा ड्रम (आधी काय भरलं होतं विचारून घ्या, रसायनाचा नको). पालिकेचं पाणी आलं त्या दिवशी भरा. टीडीएस 150 च्या वर दिसला तर भरू नका. हायपो 100 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. ड्रमला त्यातलं 20 मिली, पावसाळ्यात क्लोरीनचा वास उग्र असेल तर 40. एअरस्टोन 24 तास चालू. खायचा सोडा 12 ग्रॅम, म्हणजे केएच सुमारे 2 ने वाढून 4 होईल. तो दर ड्रमला तेवढाच, अंदाजाने चिमूट नाही. 200 वॉटचा हीटर लावून टाकीच्या तापमानापासून एका अंशाच्या आत आणा. भरलेला ड्रम 200 किलोच्या वर जातो, गॅलरीच्या कठड्याला नको, आतल्या भिंतीला लावा.

आरओ लागणार नाही. ठाण्यात पालिकेचं पाणी मिळत असताना आरओ लावणं म्हणजे पाण्याची नासाडी.

मांडवीचा
खाण्याचं मी सांगतो. बीफहार्ट नसलं तरी अडत नाही. सोललेली कोळंबी 400 ग्रॅम, काळा धागा काढून. ढोमा माशाचं मांस 200 ग्रॅम. दोन्ही उकळत्या पाण्यात एक मिनिट. हे टाळू नका: कच्च्या कोळंबीत आणि काही माशांत थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व नासवतं, आणि फ्रीजरने ते जात नाही. उकडलेले मटार 50 ग्रॅम, लसणाच्या दोन पाकळ्या, स्पिरुलिना दोन चमचे. मिक्सरमधून काढा. 5 ग्रॅम चायना ग्रास 100 मिली पाण्यात उकळून, गरम असतानाच मिसळा, कोमट झालं तर गुठळ्या होतात. झिपच्या पिशवीत पातळ थापून फ्रीजरला. मीठ नाही. तेलकट मासा नको, पाण्यावर तवंग येतो.

दिवसातून पाच वेळा, 2 × 2 सेंमीचा तुकडा 8 माशांना. पाच मिनिटांत संपला नाही तर पुढचा लहान करा. उरलेलं लगेच ओढून काढा. नाल्यातला जिवंत वर्म आणू नका, स्वस्त पडतो खरा. आणि अमोनिया शून्य होईपर्यंत दोन वेळांवरच थांबा.

घोडबंदरकर
आभार. पांढऱ्या विष्ठेला मेट्रोनिडाझोल (आतड्यातल्या परजीवींवरचं औषध) देऊ का? आणि मोठ्या डोळ्यांचे दोघे सुधारतील?

कोलशेतकाठ
आत्ता नाही. पाणी दहा दिवस स्थिर ठेवा. तरीही विष्ठा तशीच आणि मासा घास घेऊन थुंकत असेल, तर वेगळ्या टबात 40 लिटरला 250 मिलिग्रॅम, रोज पाणी बदलून पुन्हा तेवढंच, पाच ते सात दिवस.
अंगाच्या मानाने मोठे डोळे ही वाढ खुंटल्याची खूण. त्या दोघांचा गेलेला काळ भरून निघणार नाही. वर्षाच्या आतले आहेत, त्यामुळे वाढतील, पण बाकीच्यांएवढे गोल, सहा इंची होतील असं धरून चालू नका. ताकदवान मासे त्यांना खाऊ देत नसतील तर टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी खाणं टाका.