वाळवंटातल्या वाळूत चुंबकाला काळे कण चिकटतात, ते टायटॅनियम असतं का?

खारघरची_आई:
दिवाळीत जैसलमेरला गेलो होतो, समच्या टेकड्यांवर उंटबिंट सगळं झालं आणि लेकीने पाण्याच्या बाटलीत तिथली वाळू भरून आणली. आता सातवीच्या प्रोजेक्टसाठी तिने त्यात चुंबक फिरवलं तर काळे कण मिशांसारखे उभे राहिले. नवरा म्हणतो लोखंडाचा कीस असेल, सोसायटीच्या ग्रुपवर एक काका म्हणाले इल्मेनाइट आहे, त्यात टायटॅनियम असतं, जपून ठेवा महाग असतं 😄 माझी खरी शंका वेगळीच आहे. हे कण जड असतात ना, मग वाऱ्याने टेकडीच्या माथ्यावर चढले कसे? तिथे वाळूवर काळ्या रेघा पण दिसत होत्या, मला वाटलं कुणी शेकोटी केली असेल.

दगड्या:
ताई, चुंबक दाखवताच उडी मारून चिकटतात ते बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, त्यामुळे मिस्टर अर्धे बरोबर. इल्मेनाइट (लोखंड + टायटॅनियम + ऑक्सिजन) चुंबकाला लाजत लाजत येतं. फ्रिजवरच्या चुंबकाने आधी मॅग्नेटाइट काढून टाका, मग जुन्या हार्डडिस्कमधलं जोरदार चुंबक असतं ना ते उरलेल्या वाळूवर अगदी जवळून फिरवा, आता जे काळं हळूहळू ओढलं जाईल त्यात इल्मेनाइट असायची शक्यता बरीच. गार्नेट नावाचं खनिज पण येतं पण ते गुलाबी-लालसर, भिंगातून लगेच कळतं. रुटाइल हे तिसरं खनिज म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड, तांबूस तपकिरी, ते घरच्या चुंबकाला दाद देणार नाही.

आता वाऱ्याचं. सुपात तांदूळ पाखडताना कोंडा उडून जातो आणि खडे मागे राहतात, तेच. क्वार्ट्झची (म्हणजे साध्या वाळूच्या कणांची) घनता २.६५, इल्मेनाइटची ४.७ च्या आसपास, मॅग्नेटाइटची ५.२. वारा क्वार्ट्झ पुढे ढकलतो, जड कण मागे साठतात, त्याच तुमच्या काळ्या रेघा. आणि माथ्यावर कसे चढले तर ते अंगाने लहान असतात. लहान पण जड कण उचलायला वाऱ्याला साधारण तेवढाच जोर लागतो जेवढा मोठ्या हलक्या कणाला, म्हणून दोघं एकाच टेकडीवर सापडतात. लेकीला भिंगातून बघायला सांगा, काळे कण शेजारच्या क्वार्ट्झपेक्षा बारीक दिसतील.

आणि हे कण वाळवंटात तयार झालेले नाहीत हं. थरच्या वाळवंटातल्या वाळूतला मोठा भाग सिंधू नदीने हिमालयातून आणलेला गाळ, तो वाऱ्याने पुढे नेला. मूळ खडक कधीच झिजून गेला, चिवट खनिजं तेवढी उरली.

रंगवाला_वागळेइस्टेट:
महाग वगैरे विसरा 😀 मी २० वर्षं पेंटच्या लॅबमध्ये काढली. टायटॅनियम म्हटलं की लोकांना विमान आठवतं, पण जगात जे टायटॅनियमचं खनिज निघतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पांढरा रंग करण्यात जातं. तुमच्या हॉलची भिंत, टूथपेस्ट, सनस्क्रीन, सगळीकडे तेच. काळ्याकुट्ट वाळूतून इतकं पांढरं निघतं हे मला अजून पण गंमतीचं वाटतं. वाळूतून वेगळं करताना चुंबकाबरोबर वीज पण वापरतात, इल्मेनाइट आणि रुटाइल वीज वाहून नेतात, झिरकॉन आणि मोनाझाइट ही वाळूतली आणखी दोन खनिजं नेत नाहीत, त्यामुळे झिरकॉन आणि रुटाइल असे सुटे होतात.

वाऱ्याच्या टेकड्यांतून खरंच काढतात का, तर हो. तमिळनाडूत तूतुकुडीकडे लाल वाळूच्या टेकड्या आहेत, तिथले लोक तेरी म्हणतात, त्यात इल्मेनाइट भरपूर. दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बे ला तर समुद्रकाठच्या टेकड्यांत तळं करून त्यात ड्रेजर, म्हणजे वाळू उपसणारं यंत्र, तरंगतो.

कळवा_लोकल:
एवढ्या लांब कशाला गेलात, खारघरच्या डोंगरातून येणाऱ्या ओढ्याची वाळू घ्या की. आपला सगळा काळा दगड बेसाल्ट, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड साधारण २-३ टक्के असतंच, आणि त्यातल्या मॅग्नेटाइटमध्ये पण टायटॅनियम मिसळलेलं असतं. म्हणजे इथे उडी मारून चिकटणारे कण पण टायटॅनियमवालेच, वरचा नियम इथे थोडा गंडतो. रत्नागिरीला काळबादेवीचा किनारा काळा दिसतो तो यामुळेच. आमच्या लहानपणी रेतीबंदरला वाळूचे ढीग असायचे, आम्ही स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून त्यात ओढायचो, शाळेत त्याला लोखंडच सांगितलं होतं.

दगड्या:
@कळवा_लोकल बरोबर, हे लिहायचं राहिलं.

खारघरची_आई:
सगळ्यांना थँक्यू. काल रविवारी दोन्ही केलं. जैसलमेरच्या अख्ख्या बाटलीतून फ्रिजच्या चुंबकाला पाव चमचा पण नाही निघालं, हार्डडिस्कवाल्याने अजून चिमूटभर, त्यात गुलाबी कण पण होते. आणि ओढ्यातली वाळू वाटीभरच घेतली तर चुंबक अख्खं केसाळ झालं, लेक म्हणते प्रोजेक्टचं नावच बदलते. पण आता चुंबकाला चिकटलेलं निघतच नाहीये, ब्रश झाला, पाणी झालं, काय करू?

कळवा_लोकल:
आधी चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं होतं ताई, मग पिशवी उलटी केली की खेळ खलास. आता कणकेचा गोळा दाबून दाबून काढा, आणि तो गोळा पोळ्यांत जाऊ देऊ नका.