'अमेरिकन हिस्टरी एक्स': द्वेष सुटतो तो उपदेशाने की शेजाराने?

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नेरूळकर

टोनी के यांचा १९९८चा 'अमेरिकन हिस्टरी एक्स' परवा पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीच भागातला डेरेक विनयार्ड (एडवर्ड नॉर्टन) हा गोरा तरुण, नव-नाझी टोळीतला पुढारी. रात्री त्याची गाडी चोरायला आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना तो निर्घृणपणे मारतो, तीन वर्षं तुरुंगात काढतो आणि बदलून बाहेर येतो. तोवर धाकटा भाऊ डॅनी त्याच वाटेला लागलेला असतो.

या चित्रपटाबद्दल बोलताना बहुतेक जण 'हृदयपरिवर्तन' म्हणून मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही.

आधी द्वेष येतो कुठून ते बघा. बाप अग्निशमन दलात होता, आग विझवताना ड्रग विकणाऱ्यांनी त्याला गोळी घातली. सगळं तिथून सुरू झालं असं आपण धरून चालतो. पण उत्तरार्धात एक प्रसंग आहे. बाप जिवंत आहे, सगळे जेवायला बसलेत. शाळेत कृष्णवर्णीय लेखक शिकवतात, नोकरीत त्या लोकांना झुकतं माप मिळतं, म्हणून बाप बोलतोय. पोरगा आधी जरा आडवं बोलतो, मग हळूहळू मान डोलावतो. सामाजीकरण म्हणतात ते हेच. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९५८मध्ये लिहिलं की वंशद्वेषाच्या मुळाशी 'आपल्या गटाची हक्काची जागा दुसरे बळकावतायत' ही भावना असते. बापाच्या बोलण्यात नेमकं तेच आहे. खून नंतर झाला. त्याचा अर्थ कसा लावायचा हे जेवताना आधीच ठरलं होतं.

आणि द्वेष सुटतो कुठे? तुरुंगात कपडे धुण्याच्या कामावर. लमाँट नावाचा कृष्णवर्णीय कैदी आणि डेरेक रोज समोरासमोर उभे राहून कपड्यांच्या घड्या घालतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये मांडलं होतं की नुसत्या ओळखीने पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एक हवं, ते एकमेकांच्या मदतीने करावं लागायला हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. बाहेरच्या जगात डेरेकला हे कधीच मिळालं नसतं.

आता आपल्याकडे या. ठाण्यात किंवा नवी मुंबईत भाड्याने घर बघायला गेलात की दलाल विचारतो: आडनाव काय, खाता काय, मूळचे कुठले. म्हणजे समान दर्जाने शेजारी राहण्याची शक्यता दारातच संपते. याला मला दिसणारा एक अपवाद म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या घरांची सोडत. तिथे शेजारी कोण येणार हे दलाल ठरवत नाही, सोसायटीची कमिटीही नाही. अनुसूचित जाती-जमाती, माथाडी कामगार, प्रकल्पग्रस्त यांच्या राखीव जागा आणि बाकी नशीब. माणसं बदलायची असतील तर अशी जागा आधी निर्माण करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

पाचपाखाडी

लमाँटबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत. तो आत का आहे? टीव्ही चोरला, पोलिसाने पकडलं तेव्हा टीव्ही पोलिसाच्या पायावर पडला, म्हणून हल्ल्याचं कलम लागलं. शिक्षा सहा वर्षं. माणसं मारणाऱ्या डेरेकला तीन. याला तुम्ही 'समान दर्जा' म्हणता?

चित्रपटातली सगळ्यात खरी गोष्ट ही आहे आणि ती दोन वाक्यांत उरकली आहे. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले स्टोकली कारमायकल आणि राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७मध्ये संस्थात्मक वंशवाद ही कल्पना मांडली ती यासाठीच. कोणाच्या मनात काही नसलं तरी न्यायालय, पोलीस, घरबाजार यांच्या रोजच्या कामातून अन्याय होत राहतो. चित्रपट मात्र सगळं ओझं एका गोऱ्या पोराच्या मनावर ठेवतो. लमाँट काय करतो? त्याला हसवतो, शहाणा करतो, आतल्या आत त्याचा जीव वाचवतो आणि कथेतून निघून जातो. त्याची उरलेली वर्षं कशी गेली, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्याच्या सुधारणेसाठी राबणारा माणूस, एवढंच त्याचं स्थान. मला हे पाहताना राग येतो.

घोडबंदर

दोघांशीही असहमत.

नेरूळकर, त्याच तुरुंगात इतर गोरे नव-नाझीही होते. त्यांचा दुसऱ्या वंशाच्या कैद्यांशी संबंध नव्हता का? होता की. ते मेक्सिकन कैद्यांशी मालाचा व्यवहार करत होते, आणि डेरेक त्यांच्यावर भडकला तो त्यावरूनच. मग त्याच्याच लोकांनी त्याच्यावर बलात्कार केला. व्यवहार झाला, गरज भागली, कोणी बदललं नाही. जागा तीच, नियम तेच, बदलला एकटा डेरेक. का? कारण दवाखान्यात स्वीनी, त्याचे कृष्णवर्णीय शिक्षक, भेटायला येतात आणि विचारतात की तू जे काही केलंस त्याने तुझं आयुष्य सुधारलं का. डेरेक रडतो. तो प्रश्न स्वतःला विचारण्याची हिंमत त्याची स्वतःची आहे. ती परिस्थितीच्या खात्यावर टाकली की माणसाची जबाबदारीही जाते आणि श्रेयही.

मी शिक्षक आहे. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेली दोन मुलं वेगळी निघतात, हे रोज बघतो.

कळवा नाका

धाग्यात वंश आणि आपल्या सोसायट्या एकाच दमात आल्यात, तिथे थांबायला हवं. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन'मध्येच स्पष्ट केलं आहे की जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे. पंजाबातला ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचा वंश एक नाही, आणि पंजाबातला ब्राह्मण आणि तिथलाच चांभार यांचा वंश वेगळा नाही, असा त्यांचा युक्तिवाद. २००१मध्ये डर्बनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेच्या वेळी हा वाद पुन्हा पेटला होता. जात वंशवादात धरू नये ही भारत सरकारची भूमिका होती. दलित संघटनांचं म्हणणं होतं की वंश असो नसो, जन्मावरून होणारा भेदभाव जगासमोर यायलाच हवा.

मी संघटनांच्या बाजूचा आहे. पण अमेरिकन चित्रपट उचलून इथे लावला की जातीचं खास काम नजरेआड होतं. गोऱ्या-काळ्यांत रंग दिसतो. इथे आधी आडनाव विचारून खात्री करावी लागते, आणि लग्न जातीत ठेवून ती व्यवस्था पुढच्या पिढीला दिली जाते. सोडतीतल्या शेजाऱ्याशी साखर-चहाची देवाणघेवाण होईल. सोयरीक?

आणि खाडीच्या या बाजूचं बोलायचं तर १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला आली. कळव्याहून ते एक स्टेशन. ती वस्ती भीतीतून वाढली. त्यांना ऑलपोर्टच्या चार अटी कोणी देऊ केल्या?

वाशी से. ९

माझं मत इथे आवडणार नाही, तरी लिहिते. आमच्या इमारतीत बहुतेक शाकाहारी कुटुंबं आहेत. सासूबाईंना मासळीचा वास खरोखर सहन होत नाही. घर भाड्याने देताना मी शाकाहारी कुटुंब बघते. मी कोणाचा द्वेष करत नाही, कोणाला हलकं समजत नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आगरी आहे, आम्ही एकमेकींच्या घरी जातो. स्वतःचं घर कोणाला द्यायचं एवढीही मोकळीक नसेल तर हे जरा जास्त होतंय. नव-नाझींच्या गोष्टीत आम्हाला ओढणं अन्यायाचं आहे.

खारघर

ताई, माझ्या मजल्यावर दोन नायजेरियन विद्यार्थी होते. दोघं सकाळी कॉलेजला जायचे, संध्याकाळी यायचे. आवाजाची एक तक्रार नाही. तरी कमिटीने मालकावर दबाव आणून घर रिकामं करवलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, 'लोकांना भीती वाटते.' त्यातल्या एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. हे रंगावरूनच झालं, आणि खारघरमध्येच झालं.

नेरूळकर

खारघर, हे वाचून वाईट वाटलं. हे लिहायलाच हवं होतं.

वाशी से. ९, तुमच्या मनात द्वेष नाही हे मी मान्य करतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९मध्ये पूर्वग्रह आणि भेदभाव या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. मनात पूर्वग्रह नसलेला माणूसही सोयीसाठी किंवा शेजाऱ्यांच्या धाकाने भेदभाव करतो, असा एक प्रकार त्यांनी सांगितला. एका घरमालकिणीची आवड ही आवड असते. पण अख्ख्या परिसरातल्या मालकांची आवड एकच निघाली की आगरी-कोळी माणसाला, ज्याच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्याला, त्याच शहरात भाड्याचं घर मिळत नाही. तुमच्या मैत्रिणीला तुमच्या इमारतीत घर हवं असेल तर तुम्ही काय कराल?

घोडबंदर सर, याच्या उलटही दिसलं आहे. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३०च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खानावळी झाल्या, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटलं. माणूस समोर उभा असला की वागणं मताच्या पुढे जातं. मी जागेवर भर देतो तो यासाठी. तुमच्या वर्गातली दोन्ही मुलं वेगळी निघतात हे खरं, पण ती एका बाकावर बसली हे कोणीतरी ठरवलं म्हणूनच.

पाचपाखाडी

'कोणीतरी ठरवलं' हाच माझा मुद्दा. तो कोणीतरी म्हणजे कायदा. अमेरिकेत १९६८मध्ये घरं विकताना-भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी आली. आपल्याकडे घटनेचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी उघडी करतं. खाजगी घरमालकापर्यंत ते सहज पोचत नाही. उलट २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, मान्य केला. खारघरच्या त्या विद्यार्थ्यांनी कोणत्या दारात जायचं? चांगला शेजारी भेटेपर्यंत थांबायचं?

बेलापूर

आर्टिस्ट व्हिलेजमध्ये माझं बालपण गेलं म्हणून लिहितोय. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात ती वसाहत आखली. एका अंगणाभोवती सात घरं, उत्पन्न वेगवेगळं असलं तरी भूखंडांच्या आकारात फार फरक नाही, आणि कोणाच्या भिंतीला कोणाची भिंत चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. अंगण सगळ्यांचं, त्यामुळे पोरं एकत्रच खेळायची. मोठ्यांचं वेगळं. पैसे आले तशी कितीतरी घरं पाडून मजले चढले, कुंपणं आली. कोरियांनी दिलेली समानता आम्हा लोकांना टिकवता आली नाही. नेरूळकरांची सोडतही तशीच. मुदत संपली की घर विकता येतं, आणि मग पुन्हा दलाल. सिंगापूरने १९८९पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबं असावीत याची मर्यादा घातली, ती पुनर्विक्रीलाही लागू केली. आपल्याकडे असं कोणी सुचवेल का, आणि सुचवलं तर आपण मत देऊ का?

घोडबंदर

मी देणार नाही. शेजारी सरकारने मोजून दिला तर त्याच्याकडे मी माणूस म्हणून बघेन की कोटा म्हणून?

चित्रपटाचा शेवटही आठवा. डेरेक बदलला, डॅनीही बदलला, त्याने शाळेसाठीचा निबंधही लिहून पूर्ण केला, आणि शाळेच्या स्वच्छतागृहात एका कृष्णवर्णीय मुलाने त्याला गोळी घातली. पाचपाखाडी म्हणतील की शेवटी बंदूक कृष्णवर्णीय मुलाच्याच हाती दिली, आणि तो आक्षेप मला मान्य आहे. पण दोन्ही भावांचं बदलणं त्यामुळे वाया गेलं असं मी मानणार नाही.

वाशी से. ९

नेरूळकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मैत्रिणीला मी घर देईन. सासूबाईंशी मी बोलेन. अनोळखी आगरी कुटुंबाला देईन का, हे आज हो म्हणून लिहिणं खोटं ठरेल.

कळवा नाका

ताई, प्रामाणिक लिहिलंत. पण मैत्रीण आधी, घर नंतर असं असेल, तर ज्याची तुमच्याशी मैत्री व्हायची संधीच आली नाही त्याचं काय? मुंब्र्यातल्या मुलीला तुमच्या ऑफिसात तुमच्या शेजारची खुर्ची कशी मिळेल, यावर मला तुमचं मत हवं आहे.