नवऱ्याला श्टुटगार्टची नोकरी : दवाखाना बंद करून मुलासह सोबत जावे का?

धायरीची_फिजिओ
नमस्कार. माझे पती चाकणला मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करतात. त्यांना जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीकडून वर्षाला ६८,००० युरो पगाराचा प्रस्ताव आला आहे. ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा तिथला निवास परवाना) २०२५ साली किमान ४८,३०० युरोंची अट होती, त्यामुळे व्हिसाची अडचण दिसत नाही. उत्तर देण्यासाठी तीन आठवडे आहेत. मी फिजिओथेरपिस्ट असून धायरीत माझा स्वतःचा दवाखाना आहे. मुलगा सात वर्षांचा आहे, मराठी शाळेत दुसरीत शिकतो. सासू-सासरे साताऱ्याला असतात. सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचे व्यायाम मीच आखून देते.

स्थलांतरासाठी आमच्याकडे १२ लाख रुपये आहेत. फ्लॅटवर कर्ज आहे, पण तो विकायचा नाही आणि सोनेही मोडायचे नाही. प्रस्ताव एकच असल्यामुळे कृपया दुसरे देश सुचवू नयेत. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. माझा व्यवसाय तिथे पुन्हा उभा राहू शकेल का? आणि मुलाच्या शाळेचा विचार करता आम्ही दोघांनी केव्हा जावे?

आइंडहोवनकर
आपण दुसरा देश सुचवू नका म्हणालात, तरीही मनापासून सांगतो की जर्मनीपेक्षा नेदरलँड्सचा विचार करावा. येथे परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त मिळू शकतो, कार्यालयात इंग्रजी चालते आणि जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येते. आम्ही आइंडहोवन शहरात घर घेतले आणि आमचा निर्णय योग्य ठरला, असे मी खात्रीने सांगू शकतो. पतींनी येथे अर्ज करून पाहावा.

नेकरकाठ
ती ३० टक्के सवलत २०२७ पासून २७ टक्क्यांवर येणार आहे आणि मुळात प्रस्ताव श्टुटगार्टचा आहे, हे आइंडहोवनकरांनी लक्षात घ्यावे.

ताई, मी श्टुटगार्टशेजारच्या एसलिंगनला राहतो, म्हणून व्यवहाराचे सांगतो. आपले उत्पन्न नसेल आणि पतींनी तिसरा करवर्ग (एकच जोडीदार कमावता असेल तर पगारातून कमी कर कापणारा) घेतला, तर ६८,००० वर महिन्याला साधारण ३,८०० ते ३,९०० युरो हातात येतील. सरकारी आरोग्यविमा घेतला, तर उत्पन्न नसलेली पत्नी आणि मूल त्याच हप्त्यात येतात. मुलासाठी दरमहा बालभत्ता मिळतो; २०२५ मध्ये तो २५५ युरो होता. तीन खोल्यांच्या घराला हीटिंग धरून दीड हजारांच्या वर मोजावे लागतील. घरमालक हीटिंग वगळून असलेल्या भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत घेऊ शकतो. अनेक घरांत स्वयंपाकघर अगदी रिकामे मिळते. ओटा, कपाटे, सिंक असे सगळे आपल्यालाच बसवावे लागते. आपल्या १२ लाखांतला मोठा हिस्सा पहिल्या दोन महिन्यांत अनामत, ओटा आणि तिकिटे यांत जाईल, हे गृहीत धरा.

माझा सल्ला असा की पतींनी आधी एकट्याने यावे. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी संपवता येते. तो काळ पार पडल्यावरच आपण दवाखान्याचा निर्णय घ्यावा.

निवृत्त_बँकर
माझा मुलगा सिॲटलला आहे, स्वतःचे घर आहे, दोन गाड्या आहेत. पण सून इथे सनदी लेखापाल होती आणि तिथे व्हिसामुळे कित्येक वर्षे घरी बसली. पतीच्या नोकरीसाठी पत्नीने आपला व्यवसाय सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पीपीएफ खाते बंद करावे लागेल, बचत खाते बदलावे लागेल, ते वेगळेच.

कायदा_वाचणारा
आदरपूर्वक दुरुस्ती करतो. आपल्या सुनेची अडचण अमेरिकेच्या एच-४, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाची आहे. तिथे २०१५ पासून जोडीदाराला कामाची परवानगी मिळू लागली, पण पतीचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका विशिष्ट टप्प्यावर पोहोचल्यावरच. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कोणतेही काम करण्याची मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अटही नसते. पीपीएफही बंद करावे लागत नाही. असलेले खाते मुदत पूर्ण होईपर्यंत चालू राहते, फक्त त्यापुढे मुदतवाढ मिळत नाही. बचत खाते मात्र एनआरओ, म्हणजे अनिवासींचे खाते करून घ्यावे लागते.

निवृत्त_बँकर
पीपीएफच्या बाबतीत आमच्या शाखेत लोकांना बंद करण्याचाच सल्ला दिला जात असे. तरीही माझा मूळ मुद्दा कायम आहे. वाहन उद्योगाची तिथली अवस्था पाहा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्ये जाहीर केले की २०२८ पर्यंत जर्मनीतील ११,००० ते १४,००० जागा कमी होतील. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० जागांची कपात जाहीर केली. अशा वेळी श्टुटगार्टला मोटारींच्या नोकरीसाठी जाणे मला धोक्याचे वाटते.

नेकरकाठ
हा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. आमच्या भागात पुरवठादार कंपन्यांतले लोक काळजीत आहेत. म्हणूनच मी परिवीक्षेचा आग्रह धरला. बेकारी भत्त्यासाठी मागील तीस महिन्यांत किमान बारा महिने वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणजे पहिल्या वर्षात नोकरी गेली, तर तो आधार नाही. पती कोणत्या प्रकल्पावर जाणार आहेत, त्याचा ग्राहक कोण आहे आणि करार कायमस्वरूपी आहे की मुदतीचा, हे लेखी विचारून घ्या.

उल्मची_फिजिओ
ताई, आपला पहिला प्रश्न अजून कुणीच घेतला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी पुण्यातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) केले आणि आता उल्ममध्ये एका खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करते.

जर्मनीत फिजिओथेरपिस्ट ही संरक्षित पदवी आहे. पात्रतेची मान्यता मिळेपर्यंत आपण स्वतःला तसे म्हणवू शकत नाही आणि स्वतंत्र उपचारही करू शकत नाही. श्टुटगार्ट आणि उल्म ज्या राज्यात येतात, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हा अर्ज श्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियम या सरकारी कार्यालयाकडे जातो. तिथले अधिकारी आपल्या शिक्षणाची तुलना जर्मन अभ्यासक्रमाशी करतात. जर्मनीत हे शिक्षण बहुतांशी तीन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण आहे. आपले बीपीटी इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचे असले, तरी वर्षे मोजली जात नाहीत. प्रत्येक विषयाचे आणि रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे तास पाहिले जातात. तफावत आढळली, तर आपल्याला दोन मार्ग मिळतात : पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी. त्याबरोबर बी-२, म्हणजे वरच्या मध्यम पातळीची जर्मन लागते. ही पातळी फक्त कागदापुरती नसते. वृद्ध रुग्ण श्वाबियन या स्थानिक बोलीत दुखणे सांगतात, आणि तो माणूस कुठे दुखते म्हणतो आहे हे कळल्याशिवाय हात लावता येत नाही.

कामाचे स्वरूपही वेगळे आहे. रुग्ण बहुधा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो आणि तीत उपचाराचा प्रकार व सत्रांची संख्या लिहिलेली असते. धायरीत आपण स्वतः तपासून ठरवत असाल, तर हे बंधन सुरुवातीला जाचते. लसिकावाहिन्यांचा निचरा करण्याचे हस्तोपचार आणि मॅन्युअल थेरपी यांसाठी विम्याकडून पैसे मिळवायचे, तर वेगळी प्रमाणपत्रे लागतात. दुसरीकडे, मनुष्यबळाची टंचाई खरी आहे. मान्यता हातात आली की नोकरी शोधावी लागत नाही.

मान्यतेचा अर्ज भारतात असतानाच करता येतो. माझ्या ओळखीच्या बहुतेक जणींनी तो जर्मनीत पोहोचल्यावर केला आणि त्यांचे वर्ष कागदपत्रांतच गेले. माझे मत असे की आपण पुण्यात राहून बी-२ पूर्ण करावे, अर्ज करावा आणि मान्यतेचा निर्णय हातात आल्यावरच निघावे.

सातारारोड
आपण सासऱ्यांचा उल्लेख केलात, पण त्याबद्दल कुणी बोलले नाही. आई-वडिलांना जर्मनीला नेता येत नाही, त्यामुळे हा विचारच सोडून द्यावा. माझ्या भावाने नोकरीसाठी देश सोडला आणि मागे मी एकटा राहिलो. रात्री बाबांना घेऊन दवाखान्यात धावायची वेळ आली की दूरध्वनीवरून दिलेला धीर पुरत नाही. मी कुणाला दोष देत नाही, पण ज्यांच्यावर हे येते त्यांना विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये.

कायदा_वाचणारा
सातारारोड यांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण नियमाबाबत पुन्हा थोडी दुरुस्ती करतो. १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिला निवास परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्याला आई-वडिलांना बोलावण्याची तरतूद जर्मनीने केली आहे. ब्लू कार्डधारकांनाही ती लागू आहे. मात्र पालकांचा निर्वाह आणि आरोग्यविमा यांची पूर्ण हमी द्यावी लागते. पक्षाघात झालेल्या ज्येष्ठाला असा विमा मिळवणे फार कठीण जाते. म्हणजे दार उघडे असले, तरी सासऱ्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट कटू वाटेल, तरी सांगतो, कारण पत्नीचा परवाना पतीच्या परवान्यावर अवलंबून असतो. पुढे काही कारणाने वेगळे व्हावे लागले, तर पत्नीला स्वतंत्र परवाना साधारणपणे जर्मनीत तीन वर्षे एकत्र राहिल्यानंतरच मिळतो. प्रत्येक स्त्रीला हे माहीत असावे.

आइंडहोवनकर
भाषेचा एवढा त्रास पाहता मला माझा मुद्दा पुन्हा मांडावासा वाटतो.

श्टुटगार्टची_आई
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण आमची मुलगी याच वाटेने गेली. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. चौथीतच मुलाने पुढे गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला) जावे, रिआलशूलेला (मधल्या स्तराच्या शाळेला) जावे की अन्य शाळेत, याची शिफारस होते. अलीकडे गिम्नाझियमच्या प्रवेशात त्या शिफारशीला आणि चाचणीला अधिक वजन आले आहे. जर्मन न येणाऱ्या मुलांना आधी तयारी वर्गात बसवतात आणि हळूहळू मुख्य वर्गात नेतात. लहान मुले भाषा लवकर उचलतात हे खरे, पण रोजचे बोलणे येणे आणि गणितातला शाब्दिक प्रश्न वाचून समजणे यांत मोठे अंतर आहे. आमची मुलगी तिसरीच्या मध्यावर आली. तिच्या हुशारीबद्दल शिक्षकांना शंका नव्हती, तरी भाषेमुळे शिफारस खालच्या शाळेची मिळाली. पुढे शाळा बदलता येते, पण त्यासाठी मुलाला दुप्पट झटावे लागते.

परवडत असेल, तर मी आंतरराष्ट्रीय शाळा सुचवीन. तिथे हा प्रश्नच येत नाही.

नेकरकाठ
आंतरराष्ट्रीय शाळेच्या एका वर्षाच्या शुल्कालाही त्यांचे १२ लाख पुरणार नाहीत. ताई, माझे मत अजूनही तेच आहे : आधी पती, मग आपण दोघे.

दोन_घरे
नेकरकाठ यांच्याशी सहमत आहे. आम्हीही तसेच केले. पती आधी गेले, घर पाहिले, मग आम्ही गेलो. सगळे व्यवस्थित झाले. फक्त घर मिळायला ठरवल्यापेक्षा बराच उशीर लागला आणि सहा महिन्यांचे वर्ष झाले.

निवृत्त_बँकर
सर्वांचे मत पाहता, पतींनी एकट्याने जाणे किंवा प्रस्ताव नाकारणे, हेच दोन सुज्ञ पर्याय आहेत, असे मला वाटते.

धायरीची_फिजिओ
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि पती काल रात्री साताऱ्यालाही बोलले. बहुतेकांनी पतींनी पुढे जावे असे सुचवले आहे, तरीही आम्ही तिघे एकत्रच जाणार आहोत.

याचे मुख्य कारण श्टुटगार्टची_आई यांनी दिलेली माहिती आहे. तिथले शालेय वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. ऑगस्टमध्ये पोहोचलो, तर मुलाला चौथीच्या शिफारशीपूर्वी भाषेसाठी जास्तीत जास्त वेळ मिळेल. परिवीक्षा संपण्याची वाट पाहिली, तर तो तिसरीच्या मध्यावर पोहोचेल, आणि दोन_घरे यांच्याप्रमाणे घर मिळायला उशीर झाला तर त्याहूनही पुढे. नोकरीतला धोका आम्ही परत येऊन पेलू शकतो. मुलाच्या शाळेची ही दोन वर्षे पुन्हा मिळणार नाहीत. त्याला एक वर्ष मागे बसवता येईल का, याचीही चौकशी शाळेकडे करणार आहोत.

करार कायमस्वरूपी आहे, हे लेखी आले आहे. प्रकल्प ब्रेक-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचा असल्यामुळे तो एकाच प्रकारच्या इंजिनावर अवलंबून नाही, याने थोडा दिलासा मिळाला. नोकरी गेलीच, तर परत येण्यासाठी १२ लाखांतले तीन लाख आम्ही मुदत ठेवीत बाजूला ठेवत आहोत. घरही आम्ही शहराबाहेर, लोकलच्या मार्गावर शोधणार आहोत.

दवाखाना मी बंद करत नाही. माझ्याकडे काम शिकलेल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टला जागा आणि यंत्रे मासिक भाड्याने देत आहे. त्या भाड्यातून फ्लॅटच्या हप्त्याचा काही भाग निघेल. सासऱ्यांचे व्यायाम तीच दर आठवड्याला साताऱ्याला जाऊन घेईल आणि त्याचा खर्च आम्ही देऊ. माझी बी-१ ची तयारी आधीच सुरू आहे. बी-२ तिथे पूर्ण करीन. उल्मची_फिजिओ, मान्यतेच्या निर्णयाची इथे थांबून वाट पाहणे मला जमणार नाही, पण अर्ज मात्र निघण्यापूर्वी नक्की करीन.

उल्मची_फिजिओ
निर्णय माझ्या सल्ल्याविरुद्ध असला, तरी कारण पटले. मग एवढे तरी करा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून विषयवार तासांचा सविस्तर अभ्यासक्रम शिक्क्यासह मागवा, इंटर्नशिपच्या प्रत्येक विभागाचे तास महाविद्यालयाकडून वेगळे लिहून घ्या आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडून सद्वर्तनाचा दाखला काढा. जर्मनीत आल्यावर हे मागवायला महिने जातात. लसिका-निचऱ्याचे कुठलेही प्रशिक्षण भारतात केलेले असेल, तर त्याचे तासही लिहून घ्या. जर्मन भाषांतर मात्र श्टुटगार्टच्या कार्यालयाला चालणाऱ्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा. अर्ज गेला की मला निरोप पाठवा. ज्ञानचाचणीच्या माझ्या टिपा मी आपल्याला देईन.