छपरावरचं दगडफूल: काढायचं की राहू द्यायचं?

कौलारू: कौलांवर पांढुरके-हिरवट चट्टे दिसले की लोक प्रेशर वॉशर लावतात. कृपा करून थांबा. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचं सहजीवन. त्याला मुळं नसतात, पाणी आणि क्षार ते पावसातून आणि हवेतून घेतं. बहुतेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. उलट फवाऱ्याच्या माऱ्यानं कौलाचा वरचा थर झिजतो आणि त्या खरबरीत जागेवर ते पुन्हा लवकर धरतं. माझं मत, हात लावू नका.

आढं_वासा: फवारा नको, मान्य. पण ‘हात लावू नका’ अजिबात पटलं नाही. मुळं नसली तरी बुरशीचे तंतू बारीक छिद्रांत शिरतात, बऱ्याच जाती ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. डांबरी शिंगलवर (बारीक खडे बसवलेल्या डांबरी पट्ट्यांच्या छपरावर) तर चट्टा ओढला की त्याला चिकटून वरचे खडेही निघतात आणि खालचं काळं डांबर उघडं पडतं. उन्हापासून बचाव त्या खड्यांमुळेच होतो.

कौलारू: शिंगलचं मान्य. मी भाजलेल्या मातीच्या कौलांबद्दल बोलतोय. तिथे प्रश्न बहुतांशी दिसण्याचा आहे.

पागोळी: काढायचंच असेल तर आधी मारा, ओरबाडू नका. बेंझाल्कोनियम क्लोराइडचं (बुरशी-शैवाल मारणाऱ्या रसायनाचं) द्रावण कोरड्या दिवशी मारायचं आणि वाट बघायची. मेलेलं दगडफूल सुटून पडायला महिनेही लागतात, आणि लोकांचा धीर नेमका इथेच सुटतो. ब्लीचनं रंग लगेच उडतो, पण ओघळ जातो तिथली झाडं करपतात, धातूची पन्हळ गंजते. ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. छपराचं पाणी टाकीत जात असेल तर आधी तो पाइप सोडवून ठेवा.

आढं_वासा: आणि पुन्हा येऊ नये म्हणून आढ्याखाली जस्ताची किंवा तांब्याची पट्टी. पावसाबरोबर धातूचा अंश उतारावरून ओघळतो, पट्टीखालचा भाग स्वच्छ राहतो.

कौलारू: तेच तांबं पुढे ओढ्यात जातं, जलचरांना घातक ठरतं. शिवाय पन्हळ जस्ताच्या मुलाम्याची असेल तर तांब्याचं पाणी तो मुलामा खातं. त्यापेक्षा फांद्या छाटा, पाचोळा झाडा.

आढं_वासा: फांद्या छाटून हिरवं शेवाळ कमी होईल. दगडफुलाच्या कित्येक जाती भर उन्हातच वाढतात, त्यांचं काय?

कौलारू: त्या वाढू देत. कौल फुटलेलं नाही, गळती नाही, तर मी तरी त्यासाठी छपरावर चढणार नाही.